न लागलेली तीन बेटं

पांबनच्या पुलावरून आगगाडी जाऊ लागली आणि आमचा धंदा बसला. आता कुंभकोणमला संध्याकाळी गाडीत बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी रामेश्वराच्या देवळात उभा असतो. त्याला वाटेत ओकारी होत नाही, देव आठवत नाही, आणि बरोबरच्या माणसांचा संशयही येत नाही. संशय यायला तेवढा वेळच मिळत नाही. आमच्या वेळी मिळायचा.

माझे आजोबा तंजावरच्या राजवाड्यात सरबराईच्या कामावर होते. कंपनी सरकारने राज्य खालसा केलं आणि सरबराई करायला कुणी उरलं नाही. तेव्हा वडील कुंभकोणमला आले आणि त्यांनी यात्रेकरूंची सरबराई सुरू केली. त्यांच्यामागे मी तेच केलं. काम असं: कुटुंबाला घरातून उचलायचं, गाडीने तंजावरहून नागपट्टणमला न्यायचं, तिथे गलबत ठरवून ठेवलेलं असे त्यात बसवायचं, आणि समुद्रातून रामेश्वराला पोचवून परत आणायचं. गलबताला तिकडे तोणी म्हणतात. बायकांसाठी मागच्या बाजूला कापडाचा आडोसा करायचा. वाळू भरलेल्या लाकडी पेटीत चूल मांडायची, कारण लाकडी गलबतावर विस्तव उघडा ठेवता येत नाही. कावेरीचं पाणी मडक्यांत भरून तोंडाला फडकी बांधून घ्यायचं. लिंबाचं लोणचं भरपूर ठेवायचं. ज्यांना समुद्र लागतो त्यांना दुसरं काही चालत नाही.

एवढं झालं की उरलेलं काम तोंडाचं. कर्मठ मंडळी विचारत, "समुद्र ओलांडल्याचा दोष लागेल का?" मी सांगे, सेतूच्या आतलं पाणी आहे, हा समुद्र नव्हे. कशाच्या आधारे सांगत होतो ते मला माहीत नव्हतं, पण माझे वडीलही तेच सांगत. एका गृहस्थांनी तर सबंध प्रवासात समुद्राकडे पाहिलंच नाही. आडोशाकडे तोंड करून बसले, म्हणाले, पाहिला नाही म्हणजे ओलांडला नाही. दुसरे एक जण परतीच्या वाटेवर माझ्याशी बोलेनात. विचारलं तेव्हा कळलं, समुद्रातल्या बेटावर विहिरींचं पाणी गोडं कसं, म्हणून त्यांना वाटलं होतं की मी त्यांना रामेश्वराला नेलंच नाही, अलीकडेच कुठल्यातरी देवळात उतरवून फसवलं.

तेव्हा संशय हा आमच्या धंद्यातला रोजचा सोबती. पण ज्या प्रवासात मी स्वतः सगळ्यांवर संशय घेतला आणि तरी चुकलो, तो एकच. वकील पंचनादरावांच्या कुटुंबाचा.

पंचनादराव आमच्याच मराठी मंडळींतले. कुंभकोणमच्या कोर्टात त्यांचं बरं चालायचं. घरात त्यांची आई तुळजाकाकू, बायको सीताबाई, दहा वर्षांची मुलगी मंगा, आणि धाकटी बहीण काशी. काशी मंगाएवढी असतानाच विधवा झाली होती. आता एकोणीस-वीस वर्षांची असेल. तिचे केस अजून राखलेले होते, आणि ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. घरी येणारा-जाणारा ब्राह्मण तिच्या हातचं पाणी घ्यायच्या आधी थांबायचा, हे मी स्वतः पाहिलं आहे.

वकिलांनी मला बोलावून सांगितलं, "सामराव, सगळ्या कुटुंबाला घेऊन जायचंय. तै अमावस्येला रामेश्वराला स्नान. जाताना नैनातीवुच्या नागम्मेला आईचा नवस आहे, तिथे उतरायचं. पुढे नेडुंतीवुला उतरायचं. तिथे म्हणे रानात घोडे मोकळे फिरतात, मंगाला पाहायचेत."

नैनातीवु आणि नेडुंतीवु ही समुद्रापलीकडच्या यापाणमच्या बाजूची बेटं. रामेश्वरही बेटच. म्हणजे एका प्रवासात तीन बेटं, तीही तै म्हणजे आपल्या पौषातल्या वाऱ्यात. त्या दिवसांत उत्तरेकडून जे बोचरं वारं येतं त्याला इकडे वाडै म्हणतात. कार्तिकातल्या वादळांसारखं ते गलबत बुडवत नाही, पण कुठे उतरायचं आणि कुठे नाही हे तेच ठरवतं. मी तसं सांगितलं. वकील म्हणाले, "ते तुम्ही आणि तांडेल पाहा."

मग ते उठून ओसरीच्या टोकाला आले. घराच्या दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज उतरवून म्हणाले, "रामेश्वरात आपल्या मराठी उपाध्यायांकडे उतरायचं ना? तिथे न्हावी मिळतो का? अमावस्येला?"

तीर्थाला गेलं की पुरुष क्षौर करतातच. त्यासाठी कुणी दाराकडे पाहून विचारत नाही. मी म्हणालो, "मिळतो."

"घरी येईल? चार लोकांच्या देखत नको."

"येईल."

मला कळलं. हे मी आधीही पाहिलेलं होतं. गावात जे करायला घरच्यांचा जीव धजत नाही ते तीर्थाला नेऊन करतात, म्हणजे देवाचं नाव पुढे करता येतं. मंगाचं लग्न ठरत होतं आणि मुलाकडच्यांनी काय अट घातली असेल ते सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. माझ्या मनात एकच प्रश्न राहिला. काशीला हे ठाऊक आहे का?

निघायच्या आधी तुळजाकाकूंनी मला आत बोलावलं. त्या कडक बाई. सोवळं-ओवळं त्यांच्याइतकं गल्लीत कुणी पाळत नसे. भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "गलबत मीरान तांडेलाचंच पाहिजे मज. दुसऱ्याच्यात बसणार नाही."

मी म्हणालो, "काकू, तुम्ही मीरान तांडेलाला कुठे पाहिलंत?"

"पाहिलं नाही. ऐकलंय. सावकाश नेतो म्हणे."

कधी समुद्र न पाहिलेली बाई तांडेलाचं नाव घेऊन गलबत मागते, हे मला खटकलं. पण मीरान खरंच चांगला तांडेल होता, कीळक्करैचा मरक्कायर म्हणजे तिकडचा दर्यावर्दी मुसलमान, पन्नाशीचा, कमी बोलणारा. मी त्यालाच ठरवलं.

नागपट्टणमहून निघालो तेव्हा आकाश राखाडी होतं, पण वारं बेताचं. सीताबाई आणि मंगा किनारा दिसेनासा व्हायच्या आतच आडव्या झाल्या. वकिलांनी पहिल्या दिवशी नेट धरला. तुळजाकाकू आडोशात जप करत बसल्या, आणि काशी मात्र बाहेर. कठड्याला दोन्ही हात टेकून पाण्याकडे बघत उभी. तिला काही झालं नाही. ना चक्कर, ना मळमळ. मी तिला म्हणालो, "बाळ, आत बस. वारं लागेल."

"लागू दे की अण्णा," ती म्हणाली. "घरात कुठलं वारं?"

ती हसली नाही, रडलीही नाही. तिच्या आवाजातला तो निवांतपणा मला आवडला नाही. मला वाटलं, हिला कळलंय. आणि ही या पाण्यात उडी टाकणार.

तेव्हापासून मी तिच्यावर नजर ठेवू लागलो. कोडिक्करैचं टोक मागे पडेपर्यंत मी कठड्यापासून हललो नाही. आम्हा मराठी मंडळींना खलाशी रायर म्हणतात; त्यांना वाटलं असेल, रायर म्हातारपणी समुद्र बघायला शिकले. मी ताट घेऊन तिथेच बसलो, पान तिथेच खाल्लं. ती जरा पुढे सरकली की मी उठून दोराला हात लावल्यासारखं करून तिच्या बाजूला येई. एकदा तिने वळून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अण्णा, तुम्हास काही हरवलंय का?" मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, "मग बसा की."

दुसऱ्या दिवशी नैनातीवु दिसलं. बारीक पाऊस आणि वर धुकं, पण देवळामागची ताडाची झाडं ओळखू येत होती. मी मंडळींना उठवायला निघालो तेवढ्यात गलबताचं तोंड वळलं. मी मीरानकडे गेलो. तो सुकाणूजवळ उभा होता.

"काय झालं?"

"लाट आहे, रायर. छोटी होडी लागणार नाही. बायकामाणसं आहेत."

मी बेटाकडे पाहिलं. ओंडके बांधून केलेली दोन कट्टुमरमं किनाऱ्याला लागत होती. त्यातलं एक तर म्हातारा माणूस एकटा वल्हवत होता. मी ती मीरानला दाखवली. त्याने पाहिलंसुद्धा नाही. "ते रोजचे," एवढंच म्हणाला.

वकील बाहेर आले. त्यांचा चेहरा हिरवट पडला होता, पण वकिली सुटली नव्हती. त्यांनी मीरानला कोर्टात उभं केल्यासारखं केलं. वारं कुठून आहे? मग बेटाची उलटी बाजू आडोशाची नाही का? त्या बाजूला उतरता येतं की नाही? मीरान प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर देई, "येत नाही, सामी." शेवटी वकील माझ्याकडे वळले.

"सामराव, थांबे वगळले की तुमचा प्रवास लवकर संपतो, नाही का?"

मी म्हणालो, "माझा फायदा नाही त्यात. नवस तुमच्या आईंचा आहे, त्यांना विचारा हवं तर."

आडोशातून काकूंचा आवाज आला, "देवीला कळतं सगळं. नाही उतरायचं तर नाही. चला पुढे."

नवस बोललेली बाई एवढ्या सहज चला म्हणते, हेही मला खटकलं. पण माझं लक्ष मीरानवर होतं. मी त्याच्याविषयी दोन गोष्टी ठरवल्या. एक, याला कुठेतरी लवकर पोचायचंय. दोन, गलबतात आमच्याखेरीज काहीतरी माल आहे, आणि बेटांवरच्या कस्टमवाल्यांना तो दिसायला नको आहे. मी तांदळाच्या पोत्यांमागे जाऊन हात घालून पाहिलं. दोर, ताडपत्री आणि सुक्या मासळीचा वास यापलीकडे काही मिळालं नाही. वर येताना वकिलांनी मला पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत जे होतं त्याचा अर्थ मला लगेच लागला. त्यांना वाटलं, मी काहीतरी लपवून आलो.

नेडुंतीवुला मात्र वारं खरंच वाढलं. लाट गलबताच्या कुशीवर आदळत होती आणि पाणी चुलीच्या पेटीपर्यंत आलं. बेट एका काळ्या रेघेसारखं दिसलं आणि गेलं. मंगाला उचलून दाखवलं, तर तिने विचारलं, "घोडे कुठे?" ती रडली आणि रडता रडता झोपली. तिथे उतरता आलं नसतं हे मलाही कबूल होतं. पण एकदा मनात शंका आली की खरं वारंसुद्धा कुणीतरी मुद्दाम आणल्यासारखं वाटतं.

वकील आता पार आडवे झाले होते. तसेच पडल्या पडल्या म्हणाले, "रामेश्वराला तरी उतरवाल ना? उद्या अमावस्या आहे."

"रामेश्वराला उतरणारच," मी म्हणालो. ते वचन मी दिलं, आणि तेव्हा मला ते खरं वाटत होतं.

रामेश्वराचं बेट आणि जमीन यांमधल्या पांबनच्या खाडीच्या उत्तरेला पोचलो तेव्हा तिथलं पाणी खवळलेलं होतं. मीरान म्हणाला, इथे नांगर टिकणार नाही, खाडीतून दक्षिणेला जाऊ. खाडीतून न्यायला सरकारी वाटाड्या येतो, तो आला, आणि आम्ही दोन्ही बाजूंच्या खडकांमधून पलीकडे निघालो. हे रीतीला धरून होतं. वाडै असली की सगळी गलबतं तसंच करतात. दक्षिणेला बेटाचा आडोसा मिळतो, तिथे पाणी आपल्या कुंभकोणमच्या महामहम तळ्यासारखं शांत असतं, आणि माणसं आरामात उतरतात.

त्या दिवशीही पाणी तसंच होतं. चार गलबतं नांगर टाकून उभी होती. यात्रेकरू होड्यांत उतरत होते, एक बाई कडेवर मूल घेऊन उतरत होती. आणि आमचं शीड उतरलं नाही. गलबत त्या चारांच्या बाजूने पुढे निघालं, पश्चिमेकडे. मागे धुक्यात गोपुराचं टोक होतं ते बारीक होत गेलं.

मी सुकाणूजवळ गेलो.

"मीरान, हे काय?"

"वारं सोडत नाही, रायर."

"इथे वारं कुठे आहे? ती बाई मूल घेऊन उतरते आहे. मला काय आंधळा समजतोस?"

त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमच्या वडिलांना मी नेलंय. तुम्हाला नेतो आहे. आज मला विचारू नका."

"मग कुणाला विचारू?"

त्याने नजर पुन्हा शिडाकडे वळवली. मी वळलो तर काशी कठड्याला उभी होती, आणि तिच्या शेजारी, नागपट्टणमपासून एकदाही आडोशाबाहेर न आलेल्या तुळजाकाकू. दोघी मागे जाणाऱ्या गोपुराकडे पाहत होत्या. काकूंनी हात जोडले. मला वाटलं, देवदर्शन हुकलं म्हणून बिचारी लांबूनच नमस्कार करते आहे.

आम्ही कीळक्करैला लागलो. मीरानचं गाव. माझी खात्री झाली की याच्या घरी काही लग्नकार्य असणार आणि त्यासाठी याने आम्हाला तीन बेटं चुकवून इथे आणलं. गावाबाहेर सेतूच्या वाटेवर आमच्या तंजावरच्या राजांच्या वेळचं एक जुनं छत्र, म्हणजे धर्मशाळा, होतं. तेव्हा ते सरकारच्या ताब्यात होतं, पण यात्रेकरूंना उतरू देत. मंडळींना तिथे नेलं. वकील, सीताबाई आणि मंगा अंथरुणावर पडले. काशी आणि काकू मागच्या विहिरीवर पाणी आणायला गेल्या.

काकू परत आल्या तेव्हा एकट्याच होत्या. कळशी भरलेली होती.

वकिलांनी विचारलं, "काशी कुठे?"

"गेली," काकू म्हणाल्या. त्यांनी कळशी खाली ठेवली आणि पदराने हात पुसले.

मी विहिरीकडे धावलो. माझ्या मनात पहिल्या दिवशी जे आलं होतं तेच आलं. विहिरीत वाकून पाहिलं. पाणी हललेलं नव्हतं. मागच्या रस्त्यावर बैलगाडीच्या चाकांच्या ताज्या खुणा होत्या. परत आलो तेव्हा काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि त्यांच्यासमोर वकील उभे होते.

"रघुनाथ आला होता," त्या म्हणाल्या. "त्याच्यासंगती धाडली."

रघुनाथराव हे काकूंचे धाकटे भाऊ, रामनाथपुरमच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर. त्यांनी स्वतःच्या विधवा मुलीचे केस राखले होते आणि तिला मदुरैला शिकायला ठेवलं होतं. म्हणून वकिलांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं, आणि काकूंनाही भावाचं नाव घेऊ देत नसत. मीरानचा थोरला मुलगा या डॉक्टरांच्या हातून वाचला होता, हे मला त्या दिवशी कळलं. काकूंनी घरी येणाऱ्या कासारणीकरवी भावाला निरोप धाडला, भावाने मीरानला सांगितलं, आणि बाकीचं मीरानने केलं.

वकील माझ्याकडे वळले. "तुम्हाला ठाऊक होतं."

"नाही," मी म्हणालो.

"पोत्यांमागे काय करत होतात मग?"

"त्यास काही ठाऊक नाही," काकू म्हणाल्या. "तो तुझा माणूस. न्हावी मिळेल म्हणून तुज सांगणारा. त्यास कोण सांगणार?"

वकील खांबाला टेकले. त्यांना अजून उभं राहवत नव्हतं. "आई, मंगाचं लग्न मोडेल. लोकांना काय सांगू? रामेश्वराला नेलेली बहीण परत आलीच नाही म्हणून सांगू? मी मीरानवर फिर्याद करीन. पळवून नेल्याची."

"कर. साक्ष मी देईन. सांगेन, मी पळवली."

"मी काही वाईट करत नव्हतो. हे आपल्याकडे चालत आलंय. तुझंही झालंय."

काकूंनी डोक्यावरचा पदर मागे सारला. मी मान वळवली. सगळ्या गावात त्या बाईचं उघडं डोकं कुणी पाहिलं नसेल.

"माझं झालं तेव्हा तू बाहेर ओट्यावर बसून होतास," त्या म्हणाल्या. "बारा वर्षांचा. आत काय झालं ते तुज ठाऊक नाही. मी कधी बोलले नाही. काशीचं करायचं, असं घरात ठरलं तेव्हाही नाही बोलले. बोलून तू ऐकलं असतंस?"

सीताबाई अंथरुणावर उठून बसल्या होत्या आणि त्यांनी मंगाला जवळ ओढून घेतलं होतं. एवढ्या दिवसांत त्या पहिल्यांदाच बोलल्या. "मोडू द्या लग्न," त्या म्हणाल्या. "पुन्हा ठरेल."

लग्न मोडलंच. पुढे दोन-तीन वर्षांनी तंजावरच्या चांगल्या घरात ठरलं. काशी मदुरैच्या बायकांच्या इस्पितळात सुईणीचं काम शिकली आणि तिथेच नोकरीला राहिली, असं मी नंतर ऐकलं. पण ते सगळं पुढचं. त्या दिवशी कुणालाच काही ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी मी किनाऱ्यावर मीरानला गाठलं. त्याच्या घरी लग्न-बिग्न काही नव्हतं. तो गलबताचा दोर दुरुस्त करत बसला होता. मी विचारलं, "नैनातीवु का चुकवलंस? तिथे उतरलो असतो तर काय बिघडलं असतं?"

"पहिल्या बेटाला आरामात उतरवलं असतं, तर रामेश्वराला नाही उतरवत म्हटल्यावर वकील रायर गप्प बसले असते?"

"आणि नेडुंतीवु?"

"ते खरंच नव्हतं लागत." मग तो म्हणाला, "पांबनचं अर्धं वारं होतं, अर्धा मी."

"तुला भीती नाही वाटली?"

"वाटली. आजही वाटते आहे. वकील माणूस आहे." त्याने दोराला गाठ मारली. "पण तुमची ती म्हातारी अम्मा घाबरली नाही, मग मी कसा घाबरू?"

एवढे दिवस मी सुकाणूकडे पाहत होतो, पोती उचकत होतो, कठड्यावर पहारा करत होतो, आणि ज्या आडोशात सगळं चाललं होतं तिथे मी दोन वेळा ताट पोचवण्यापलीकडे डोकावलोही नाही. याचं मला वाईट वाटलं की बरं, ते आजही ठरवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी अमावस्या. मंडळींनी तिथल्या साध्या किनाऱ्यावरच स्नान केलं. स्नान करून आल्यावर वकील मला म्हणाले, "रामनाथपुरमला जायला गाडी मिळेल?"

मी विचारलं, "कशासाठी?"

"जायचंय."

मी काकूंकडे पाहिलं. त्यांनीही ऐकलं होतं, पण त्या जप करत राहिल्या. मण्यांवरची बोटं मात्र थांबली होती. मी गाडी आणली आणि न विचारता वकिलांच्या शेजारी चढलो. मनात ठरवलं होतं, यांनी तिला ओढून आणायचा प्रयत्न केला तर काय करायचं ते. खरं सांगायचं तर काय करणार होतो ते मला ठाऊक नव्हतं, पण गाडीत मी त्यांच्या आणि रस्त्याच्या मधे बसलो होतो. मांडीवर त्यांनी एक गाठोडं घेतलं होतं. मी दोनदा त्याकडे पाहिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं होतं.

डॉक्टरांचं घर दवाखान्यामागे होतं. गाडी थांबली. दार अर्धं उघडं होतं. वकील उतरले, पायरीपाशी गेले आणि हाक मारली, "काशी."

आतून हालचाल ऐकू आली. मग ती दारात आली. एक हात दाराच्या कडीवर होता. ती उंबऱ्याबाहेर आली नाही.

"तुझं गाठोडं गलबतावर राहिलं होतं," वकील म्हणाले. "साड्या आहेत. आणि तुझी फणी."

त्यांनी गाठोडं पुढे केलं. तिने हात पुढे केला नाही. त्यांच्या हातांकडे पाहिलं, मागे गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "तिथेच ठेवा, दादा."

वकिलांनी गाठोडं पायरीवर ठेवलं. थोडं मागे सरकले. ती तशीच उभी राहिली, कडीवरचा हात न काढता. त्यांना कळलं. ते आणखी मागे आले, वळले आणि गाडीत येऊन बसले. त्यांनी मागे पाहिलं नाही, मी पाहिलं. आमची गाडी वळणापाशी पोचेपर्यंत ती दारातच उभी होती. मग ती भरभर पुढे आली, गाठोडं उचललं, आत गेली आणि दार व मागोमाग कडी लागल्याचा आवाज आला.

बरंच अंतर गेल्यावर वकिलांनी विचारलं, "दार लावून घेतलं का तिने?"

"हो," मी म्हणालो. "कडीसुद्धा लावली."

"बरं केलं," ते म्हणाले, आणि बैलांच्या शेपट्यांकडे पाहत राहिले.